चुलीजवळची इबादत : कॅथलिक घरांतील प्रार्थना आणि आनंद

मगरिबची नमाज होते, मुसल्ला घडी करून ठेवला जातो आणि घर पुन्हा आपल्या वळणावर येते. दुधाचा हिशेब चुकलेला असतो, भाजी करपलेली असते, मुलाच्या हातातला मोबाइल सुटत नसतो. पाच मिनिटांपूर्वी ज्या जिभेवर अल्लाहचे नाव होते त्याच जिभेने आपण घरच्यांवर खेकसतो. नमाज अदा झाली, फर्ज पूर्ण झाले. पण नमाजीचे जे वातावरण घरात उरायला हवे ते उरत नाही, ही खंत आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. बोलून मात्र कोणी दाखवत नाही.

कुरआनने या प्रश्नाकडे आपले लक्ष केव्हाच वेधले आहे. सूरह जुमुआच्या दहाव्या आयतीत नमाज संपल्यावर जमिनीवर पसरण्याची, अल्लाहची कृपा म्हणजे आपली रोजी शोधण्याची आणि त्याचे भरपूर स्मरण करण्याची आज्ञा आहे. म्हणजे नमाज संपते तेव्हा स्मरण संपत नाही. ते बाजारात, शेतात, शाळेत आणि चुलीजवळ आपल्यासोबत यायचे आहे. ते आणायचे कसे आणि त्यातून घरात आनंद यायचा कसा, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नावर आपल्या एका शेजाऱ्याने, म्हणजे कॅथलिक ख्रिस्ती समाजाने, फार बारकाईने विचार केला आहे. वसई, मुंबई, रायगडचा किनारा आणि गोवा या पट्ट्यात कॅथलिक कुटुंबे आणि मुस्लिम कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ राहत आली आहेत. आपण त्यांच्या नाताळचा केक खातो, ते आपल्या ईदचा शीरखुर्मा पितात. पण त्यांच्या घरात संध्याकाळी काय घडते, ते कोणत्या शब्दांत आणि कशासाठी हात जोडतात, हे आपल्याला क्वचितच ठाऊक असते. सूरह मायदाच्या ८२ व्या आयतीत, जे स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात ते ईमानवाल्यांशी स्नेहाने अधिक जवळचे आढळतील असे म्हटले आहे. त्याचे कारणही तिथेच दिले आहे. त्यांच्यात विद्वान आणि वैरागी आहेत आणि ते गर्व करत नाहीत. ज्यांची ओळख कुरआनने अशी करून दिली, त्यांच्या घरातील प्रार्थना समजून घेणे आपल्याला परके वाटू नये.

संध्याकाळची माळ

कॅथलिक चर्चची घंटा परंपरेने दिवसातून तीनदा वाजते, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. या प्रार्थनेला ‘आंजेलस’ म्हणतात. देवदूताने हजरत मरियम (अलै.) यांना पुत्रजन्माची वार्ता दिली, त्या प्रसंगाची ती आठवण आहे. जुन्या काळी शेतात किंवा वाटेवर असलेला माणूस ही घंटा ऐकली की हातातले काम थांबवून उभा राही. अजान ऐकून थांबणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

संध्याकाळी घरातली माणसे एकत्र बसतात ती रोझरीसाठी, म्हणजे जपमाळेसाठी. या माळेत दहा-दहा मण्यांचे पाच भाग असतात. गोव्यात या प्रार्थनेला ‘तेर्स’ म्हणतात. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ ‘तिसरा हिस्सा’ असा आहे. हा हिस्सा कशाचा? हजरत दाऊद (अलै.) यांच्या स्तोत्रांची संख्या बायबलमध्ये १५० आहे. मठातले शिकलेले लोक ही स्तोत्रे म्हणत. ज्यांना वाचता येत नव्हते अशा सामान्यांनी त्यांच्याऐवजी १५० छोट्या प्रार्थना मण्यांवर मोजून म्हणायची प्रथा मध्ययुगात पडली. पूर्ण जपमाळ १५० प्रार्थनांची, तर घरात रोज म्हटली जाते ती ५० प्रार्थनांची, म्हणून तिसरा हिस्सा. निरक्षर शेतकऱ्याला आणि मोलकरणीलाही विद्वानांच्या बरोबरीने अल्लाहचे स्मरण करता यावे, या गरजेतून ही माळ आली, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

या प्रार्थनेला साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात. आजी सुरुवात करते, बाकीचे उत्तरार्ध म्हणतात. लहान मूल मध्येच पेंगते, कोणी त्याला कोपराने डिवचते. प्रार्थना संपली की मुले आजी-आजोबा आणि आई-वडिलांपुढे जाऊन आशीर्वाद मागतात. गोव्यात त्याला ‘बेंसांव’ म्हणतात. दिवसभरात आई मुलावर कितीही रागावलेली असो, त्या वेळी तिला त्याच्या डोक्यावर हात ठेवावाच लागतो. मे महिन्यात गावातल्या क्रुसाजवळ आळीतली सगळी कुटुंबे जमतात, प्रार्थना गातात आणि शेवटी उकडलेले हरभरे वाटले जातात. ऑक्टोबर महिना तर खास जपमाळेचाच मानला जातो.

वसईत हीच प्रार्थना मराठीतून होते. आपल्यासारखेच हे लोकही मराठीतून आपला धर्म वाचतात आणि शिकतात. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, ते मराठी ओवीत. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले, ‘सुबोध बायबल’ लिहिले आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ‘मराठी बोलणारा अल्पसंख्याक’ म्हणजे काय, हे त्यांना आणि आपल्याला सारखेच ठाऊक आहे.

‘आनंदाची रहस्ये’ कोणती?

माळेच्या पाच भागांपैकी प्रत्येक भाग म्हणताना एका प्रसंगाचे चिंतन करायचे असते. या प्रसंगांना ‘रहस्ये’ म्हणतात. आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची अशी त्यांची जुनी विभागणी आहे. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाच्या रहस्यांची भर घातली. आनंदाची रहस्ये सोमवारी आणि शनिवारी म्हटली जातात.

आनंदाच्या या यादीत कोणते प्रसंग असावेत? राज्याभिषेक नाही, विजय नाही, संपत्ती तर नाहीच. पहिला प्रसंग, देवदूत मरियमकडे येतो. दुसरा, गरोदर मरियम आपली वयस्कर नातलग एलिझाबेथ हिच्या भेटीला जाते. ही एलिझाबेथ म्हणजे हजरत जकरिया (अलै.) यांच्या पत्नी. म्हातारपणी त्यांना हजरत यह्या (अलै.) हा मुलगा होणार असतो. ख्रिस्ती परंपरेनुसार मरियम तिच्याकडे सुमारे तीन महिने राहिल्या. तिसरा प्रसंग बाळाच्या जन्माचा. चौथ्यात आई-वडील बाळाला इबादतगाहात घेऊन जातात. पाचव्यात बारा वर्षांचा मुलगा जेरुसलेमच्या यात्रेत हरवतो आणि तीन दिवसांनी सापडतो.

वाचकहो, हे सगळे घरातलेच प्रसंग आहेत. एका गरोदर बाईने दुसऱ्या गरोदर बाईची भेट घेणे, बाळ जन्मणे, त्याला वडीलधाऱ्यांच्या पाया-पदरात नेणे, हरवलेले मूल सापडणे. आनंद शोधायला या लोकांना घराबाहेर जावे लागले नाही. यातल्या पहिल्या प्रसंगाची हकीकत आपल्याला सूरह आलि-इम्रान आणि सूरह मरियममध्ये वाचायला मिळते, हजरत जकरिया (अलै.) यांची दुआही तिथेच आहे. कुरआनात नावाने उल्लेख आलेल्या एकमेव स्त्री हजरत मरियम होत, आणि एक संपूर्ण सूरह त्यांच्या नावाने आहे.

आणखी एक गोष्ट आम्ही बारकाईने पाहिली. आनंदाच्या या पाच प्रसंगांतला एकही चिंतेविना नाही. पहिल्यात एकट्या मुलीची घाबरगुंडी आहे. चौथ्यात इबादतगाहातला वृद्ध सिमेओन बाळाला आशीर्वाद देतानाच आईला पुढे येणाऱ्या दुःखाची जाणीव करून देतो. पाचव्यात तर आई-बाप तीन दिवस जिवाच्या आकांताने मुलाला शोधत आहेत. तरीही या प्रसंगांची गणना आनंदात केली आहे. आपल्याला वाटते की आधी कर्ज फिटू दे, मुलीचे लग्न होऊ दे, आजार बरा होऊ दे, मग आनंद. ही माळ म्हणते की काळजी आणि आनंद एकाच घरात, एकाच दिवशी राहू शकतात. सूरह इन्शिराहने हीच शिकवण आपल्याला दोनदा सलग दिली आहे, की अडचणीच्या सोबतच सोय आहे. सोबत, नंतर नव्हे.

मठातला आचारी

ठरलेल्या वेळेची प्रार्थना ही एक गोष्ट झाली. पण दिवसाचे बाकीचे तास? या तासांबद्दल बोलताना कॅथलिक मंडळी ज्याचे उदाहरण हमखास देतात तो माणूस ना पोप होता, ना पंडित. तो आचारी होता. त्याची गोष्ट सतराव्या शतकातल्या फ्रान्समधली आहे.

निकोला एर्माँ हे त्याचे मूळ नाव. लोरेन प्रांतातल्या एका गरीब घरात तो सुमारे १६१४ साली जन्मला. अठरा वर्षांचा असताना हिवाळ्यात एक निष्पर्ण झाड त्याने पाहिले. काही दिवसांनी याच काटक्यांना पालवी फुटेल, फुले आणि फळे येतील, हा विचार त्याच्या मनात आला आणि ईश्वराच्या सामर्थ्याची जाणीव त्याच्यात कायमची रुजली. निर्जीव जमीन पावसाने जिवंत होते याकडे कुरआन वारंवार बोट दाखवतो. त्या तरुणाने एका झाडात ती निशाणी वाचली.

पुढे तो युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धात सैनिक झाला, जखमी झाला, लंगडत घरी आला. मग एका सावकारी घरात चाकर राहिला. तिथे आपण इतके वेंधळे होतो की हाती येईल ते फोडायचो, असे तो स्वतःच सांगे. १६४० साली पॅरिसमधल्या कार्मेलाइट मठात तो दाखल झाला. तिथे त्याचे नाव ब्रदर लॉरेन्स झाले. शिक्षण नसल्याने धर्मगुरू होण्याचा प्रश्न नव्हता. त्याच्या वाट्याला आले स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकाची त्याला मुळातच नावड होती.

मोठ्या मठाचे स्वयंपाकघर म्हणजे धूर, घाई, एकाच वेळी चार जणांच्या चार मागण्या. या गोंगाटात ब्रदर लॉरेन्सने एक सवय लावून घेतली. काम सुरू करण्यापूर्वी तो ईश्वराशी दोन शब्द बोले, की हे काम तू सांगितलेस म्हणून करतो आहे, मला मदत कर. काम करतानाही तो मनातल्या मनात बोलत राही. काम नीट झाले तर शुक्र करी, बिघडले तर माफी मागून पुन्हा कामाला लागे, चुकीवर कुढत बसत नसे. तव्यावरचे अंडे परतणे असो की जमिनीवर पडलेली काडी उचलणे, हेतू शुद्ध असेल तर तीही प्रार्थनाच, असे तो मानी. प्रार्थनेची ठरलेली वेळ आणि कामाची वेळ यांत आपल्याला फरक वाटत नाही, असे तो सांगे.

हे सगळे एका दिवसात साधले नाही. मठातली सुरुवातीची अनेक वर्षे तो आतून अस्वस्थ होता, आपली सुटका होणार की नाही या भीतीने ग्रासला होता. हळूहळू मन स्थिर झाले. सुमारे पंधरा वर्षे स्वयंपाकघरात काढल्यावर पाय फारच दुखू लागला, तेव्हा त्याला बसून करायचे काम मिळाले, मठातल्या लोकांच्या चपला दुरुस्त करण्याचे. १६९१ साली तो वारला. त्याच्याशी झालेली बोलणी आणि त्याची काही पत्रे एका धर्मगुरूने जमवून प्रसिद्ध केली. तीनशे वर्षांहून अधिक काळ हे छोटेसे पुस्तक वाचले जात आहे. कॅथलिकच नव्हे, तर प्रॉटेस्टंट ख्रिस्तीही ते आवडीने वाचतात.

आपल्या परंपरेत या विषयावरचे पहिले वाक्य अर्थातच नीयतीचे आहे. कर्मे नीयतीवर अवलंबून आहेत, ही सहीह बुखारीची पहिलीच हदीस. मदरशात ती आपण पाठ केली. पण चपातीचे पीठ मळताना ती किती जणांना आठवते?

छोट्या गोष्टींचा मार्ग

फ्रान्समधलेच दुसरे नाव सिस्टर तेरेझा यांचे. लिझ्यू गावच्या मठातल्या म्हणून त्यांना लिझ्यूची तेरेझा म्हणतात. त्या १८७३ साली जन्मल्या, पंधराव्या वर्षी मठात गेल्या आणि १८९७ साली चोविसाव्या वर्षी क्षयाने वारल्या. इतक्या छोट्या आयुष्यात त्यांनी काही संस्था काढली नाही. आपल्यासारख्या छोट्या माणसाने मोठ्या पराक्रमाची वाट पाहू नये, छोटी कामे मोठ्या प्रेमाने करावीत, एवढीच त्यांची शिकवण. १९९७ साली चर्चने त्यांना ‘डॉक्टर ऑफ द चर्च’, म्हणजे सर्व चर्चच्या गुरू, ही क्वचित मिळणारी पदवी दिली. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांनी आपले नाव यांच्यावरूनच घेतले होते.

त्यांच्या आत्मकथेतले प्रसंग एकत्र कुटुंबात राहणाऱ्या कोणालाही आपले वाटतील. चिंतनाच्या वेळी मागे बसलेली एक सिस्टर सतत बारीक आवाज करी. मागे वळून रागाने पाहावे असे तेरेझाला फार वाटे. तिने उलट तो आवाज कान देऊन ऐकायला सुरुवात केली, जणू काही ते संगीतच आहे. कपडे धुताना समोरची सिस्टर घाणेरड्या पाण्याचे शिंतोडे तिच्या तोंडावर उडवी, ती चेहरा मागे घेत नसे. एका आजारी, किरकिऱ्या म्हाताऱ्या सिस्टरला रोज संध्याकाळी हात धरून जेवणघरात न्यावे लागे. हळू चालले तरी बोलणी, भरभर चालले तरी बोलणी. तेरेझाने ते काम मागून घेतले. तिला बसवल्यावर तिच्या ताटातली पाव कापून द्यावी आणि जाताना तिच्याकडे पाहून हसावे, हा तिचा नेम झाला. हसतमुखाने आपल्या भावाला भेटणे हादेखील सदका आहे, ही प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची हदीस इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

तेरेझाचे आई-वडीलही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. वडील लुई घड्याळे दुरुस्त करत, आई झेली घरी बसून लेस विणण्याचा धंदा करी. नऊ मुलांपैकी चार लहानपणीच गेली. तेरेझा साडेचार वर्षांची असताना आईही कर्करोगाने गेली. २०१५ साली चर्चने या पती-पत्नीला एकत्रच संत म्हणून घोषित केले. नवरा-बायकोला असे एकत्र संतपद देण्याची ही पहिलीच वेळ होती. संसार, धंदा, मुलांचे मृत्यू आणि रोजची प्रार्थना यांतूनच हे दोघे तिथवर पोहोचले.

ईद नसलेला रमजान

२०१३ ते २०२५ या काळात पोप असलेल्या फ्रान्सिस यांनी आपल्या पहिल्याच वर्षी ‘शुभवार्तेचा आनंद’ या विषयावर विस्तृत पत्र लिहिले. ईस्टरपूर्वी ख्रिस्ती लोक चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात. काही ख्रिस्ती लोक असे जगतात की त्यांच्या आयुष्यात उपवासकाळ आहे, पण ईस्टर कधी येतच नाही, असा टोला त्यांनी त्यात लगावला. आपल्या भाषेत सांगायचे तर रमजान आहे, पण ईद नाही. धर्म पाळणारा माणूस म्हणजे कपाळाला आठ्या घातलेला माणूस, असे मुलांच्या मनात बसले तर दोष मुलांचा नाही.

कुटुंबांशी बोलताना हेच पोप तीन शब्द वारंवार सांगत. करू का, धन्यवाद, माफ कर. संसारात कधी ताटे-वाट्याही उडतील, पण समेट केल्याशिवाय दिवस मावळू देऊ नका, असा त्यांचा सल्ला असे. मुसलमानाने आपल्या भावाशी तीन दिवसांहून अधिक अबोला धरू नये, ही हदीस आपण जाणतो. भावांचे वर्षानुवर्षांचे अबोले मात्र आपल्याच गावात आहेत.

एकदा आम्ही आठवीच्या मुलांना ‘आमच्या घरातील संध्याकाळ’ या विषयावर निबंध लिहायला दिला. बहुतेकांनी टीव्ही, क्लास, मोबाइल आणि बोलणी यांबद्दल लिहिले. एका ख्रिस्ती मुलीने रोजच्या माळेबद्दल लिहिले, तेही कुरकुरत, की गुडघे दुखतात आणि लहान भाऊ झोपतो. शेवटी तिने लिहिले होते की वडील दूरच्या कामावर गेले की त्या वेळी फोन करतात आणि तिकडून सोबत म्हणतात. मुस्लिम मुलांच्या वह्यांत नमाजीचा उल्लेख होता, पण बहुतेक ठिकाणी ‘नमाज पढ म्हणून अब्बा ओरडतात’ अशा वाक्यात. मुलांचा नमाजीशी संबंध ओरडण्यातून जुळत असेल, तर दहा-पंधरा वर्षांनी ओरडणारे कोणी नसेल तेव्हा काय राहील, याचा विचार आपण करायला हवा.

फरक कुठे आहे

आता फरकाचेही स्पष्ट बोलू, कारण मैत्री झाकपाकीवर टिकत नाही. आपल्या अकीद्यानुसार हजरत ईसा (अलै.) हे अल्लाहचे बंदे आणि प्रेषित आहेत. त्यांना ईश्वराचा पुत्र मानणे आणि त्रैक्याची कल्पना आपल्याला मान्य नाही. दुआ फक्त अल्लाहकडे. कॅथलिक लोक मरियमच्या मूर्तीपुढे माळ म्हणतात. आपण मरियमची पूजा करत नाही, आपल्यासाठी प्रार्थना करण्याची तिला विनंती करतो, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांचे म्हणणे नीट समजून घेणे आणि आपला तौहीद जपणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. संन्यासी जीवनाबद्दल सूरह हदीदच्या २७ व्या आयतीत म्हटले आहे की ते त्यांनी स्वतः सुरू केले. आपल्याकडे संसार सोडणे नाही. पण म्हणूनच मठातल्या आचाऱ्याने जे केले ते भरल्या घरात करण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक येते.

दुसऱ्या बाजूनेही हात पुढे आलेला आहे. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने जाहीर केलेल्या दस्तऐवजात मुसलमानांबद्दल आदर व्यक्त केला आहे. ते एका ईश्वराची उपासना करतात, मरियमचा सन्मान करतात, प्रार्थना, दानधर्म आणि उपवास यांना महत्त्व देतात, अशी नोंद त्यात आहे. आणि नजरानचे ख्रिस्ती शिष्टमंडळ मदिनेत आले तेव्हा त्यांनी प्रेषितांच्या मशिदीत आपल्या पद्धतीने प्रार्थना केली, हे सीरतकार इब्न इसहाक यांनी नोंदवले आहे.

आपल्या घरात काय करता येईल?

उसने काही आणायची गरज नाही. आपल्याच घरात ठेवलेली, पण धूळ बसलेली एक गोष्ट उचलू या. हजरत फातिमा (रजि.) यांचे हात जाते दळून दळून सोलवटले होते. मदतीला कोणी नोकर मिळावा म्हणून त्या वडिलांच्या घरी गेल्या. प्रेषित (सल्ल.) घरी नव्हते, म्हणून निरोप ठेवून परतल्या. रात्री ते स्वतः लेकीच्या घरी आले, लेक आणि जावयाजवळ बसले आणि नोकरापेक्षा उत्तम गोष्ट सांगतो म्हणाले. झोपण्यापूर्वी ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. आपण जिला तस्बीह-ए-फातिमी म्हणतो ती अशी जात्यावरच्या श्रमातून आली. थकलेल्या बाईच्या हाती दिलेली ही देणगी आहे.

इथे पुरुषांना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. स्वयंपाकही इबादत आहे, असे म्हणून सगळे काम आई-बहिणीवर आणि बायकोवर ढकलायला हा लेख वापरू नये. प्रेषित (सल्ल.) घरात काय करत असत, असे विचारल्यावर हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात मदत करत आणि नमाजीची वेळ झाली की निघून जात. पॅरिसचा तो आचारीही पुरुषच होता.

तेव्हा सुरुवात थोडक्याने करावी. दिवसातली एक नमाज घरातल्या जास्तीत जास्त माणसांनी सोबत पढावी आणि त्यानंतर दहा मिनिटे कोणी उठू नये. एखादी छोटी सूरह मराठी अर्थासह वाचावी, मुलांना आलटून पालटून वाचू द्यावी. दुआ झाल्यावर मुलांनी आई-वडिलांना सलाम करावा आणि आई-वडिलांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून दुआ द्यावी. त्या दहा मिनिटांत अभ्यासाची विचारपूस, तक्रार आणि टोमणा बंद. काम सुरू करताना बिस्मिल्लाह मोठ्याने म्हणावे, म्हणजे मुलांच्या कानावर पडेल. घरात कोणाशी वाजले असेल तर झोपण्यापूर्वी मिटवावे, आणि मग तस्बीह-ए-फातिमी. कोणी परगावी असेल तर त्याला त्या वेळी फोन लावावा. शेजारी ख्रिस्ती कुटुंब असेल तर कधीतरी विचारावे की तुमच्याकडे संध्याकाळी काय म्हणतात. त्यांनाही आपल्याबद्दल विचारायचे असतेच, पण सुरुवात कोणी करत नाही.

पहिले काही दिवस मुले कुरकुरतील, मोठेही घड्याळ पाहतील. त्या ख्रिस्ती मुलीचे गुडघेही दुखतच होते. सवय लागायला वेळ लागतो, आणि ब्रदर लॉरेन्सला तर कित्येक वर्षे लागली.

अल्लाह आपल्या घरांत आपले स्मरण आणि त्या स्मरणाचा आनंद कायम ठेवो, आपल्या शेजाऱ्यांच्या घरांनाही शांती देवो, आणि आपल्या मुलांच्या मनात नमाजीची आठवण प्रेमाची आठवण म्हणून राहो. आमीन.